बिब्याचा वाडगा

आमच्याकडे लाकूड बिब्याचं आहे म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरकतात. चुलीतही ते कोणी घालत नाही. धूर लागला तरी तोंड सुजतं म्हणतात. अशा लाकडाचा वाडगा मी माझ्या हातांनी खरादीवर उतरवला, आणि तो कोणासाठी, तर सात महिन्यांच्या लेकरासाठी. ऐकून तुम्ही मला शिव्या घालाल. घाला, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी अंजू. कारंज्याच्या बाहेर आमची दीड एकर बागायत आहे. नवरा, गजेंद्र, वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर असं लावतो आणि मी ते कारंज्याच्या बाजारात नेऊन विकते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी माझी ओळख करून देऊ लागलं तर पहिल्या वाक्यात हेच येतं.

बाजारात माझी बसायची जागा इस्माईल चाचांच्या दुकानासमोर आहे. चाचा खरादी. मोटरवर लाकूड गरगर फिरतं, त्याला ते पटाशीची धार लावतात आणि लाटणं, रवी, पाळण्याचे खांब असं काहीबाही त्यातून निघतं. अकरा वर्षं मी भाजीवर पाणी मारता मारता ते बघत आले. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मागच्या दिवाळीनंतर एकदा उठले आणि सरळ विचारलं.

"चाचा, मले शिकवता काय?"

"अंजूबाई, ह्या कामात बोट जाते."

"जाऊ द्या ना. दहा हायेत."

आत त्यांची बायको, लतीफा चाची, खो खो हसली. चाचांनाही हसू आलं आणि तिथून माझं शिक्षण सुरू झालं. पहिलं लाटणं मुळ्यासारखं झालं. दुसरं एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. गजेंद्रनं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "यानं पोई लाटता येत नाई, पण पाहुणे पयवून लावता येतीन." तिसऱ्यावर मात्र मी स्वतः पोळ्या लाटल्या आणि त्यालाच वाढल्या.

आता चिमीचं सांगते. माझे थोरले दीर दौलतराव कारंज्यातच राहतात. त्यांची बायको हौसाबाई, म्हणजे माझी जाऊ. त्यांचा मुलगा पवन, सून समीक्षा, आणि ह्या दोघांची लेक चिमी. बारशात ठेवलेलं नाव इतकं अवघड आहे की ते फक्त पत्रिकेत आहे.

बारशाच्या दिवशी मी चिमीला तासभर मांडीवर घेऊन बसले होते. झोपेत हसत होती पोरगी. त्याच रात्री तिला ताप भरला, तीन दिवस उतरला नाही. मला कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर मी त्या घरी गेले की चिमीच्या गालावरचं काजळाचं बोट मोठं झालेलं असायचं, नाहीतर तिला नेमकी तेव्हाच भूक लागायची. "झोपीले आली वाट्टे," असं म्हणत हौसाबाई तिला उचलायची आणि आत घेऊन जायची. पोरगी तिच्या खांद्यावरून टकामका माझ्याकडे बघत असायची.

हौसाबाई वाईट बाई नाही. मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस तिनं डबा पाठवला होता. तोंडावर काही बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. माझं तोंड काही लहान नाही. पण न बोललेल्या बोलण्याला उत्तर काय देणार? भांडण नाही, अबोला नाही, फक्त पोरगी आत जाते. मला एवढंच हवं होतं की ती आत जाऊ नये. पुन्हा एकदा मांडीवर यावी.

आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही वाटू लागलं होतं की असेल माझ्या नजरेत काहीतरी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं बघत आले आहे. बघताना आत काय होतं ते मलाच माहीत. ते सगळं चांगलंच होतं असं छातीवर हात ठेवून मी म्हणू शकत नाही. मी चिमीच्या तोंडाकडे बघणं सोडलं. तिच्या पायांकडे बघून बोलायचे.

सातव्या महिन्यात चिमीचं उष्टावण ठरलं, शुक्रवारी. रिसोडहून समीक्षाचा भाऊ येणार, मामा म्हणून खिरीचा पहिला घास तोच भरवणार. मी समीक्षाला म्हटलं, वाडगा माझा. ती खूश झाली. "काकू, खरंच तुमी करसान? मग चिमीचा पयला घास त्यातूनच." हौसाबाई तिथेच गहू निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही. मी घरी आले ती तरंगतच.

चाचांनी शिवणीचा ठोकळा काढून दिला. शिवण हलकी, गुणाची. पाळण्याला तीच वापरतात. बाहेरचा गोल मी त्यांच्यासमोर उतरवला. आतलं पोट कोरायचं बाकी होतं आणि मध्येच त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला जावं लागलं.

"म्या येईपर्यंत पोटाले हात लावजो नोको," त्यांनी बजावलं. "बाहेरून चूक झाली त दिसते. आतून झाली त फुटते."

ते कधी येतील याचा नेम नव्हता. मी दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी हात लावला. पटाशी तिरपी बसली, अडकली, वाडगा सुटून शटरवर आदळला आणि त्याचे दोन तुकडे झाले. लतीफा चाचीनं धावत येऊन मोटर बंद केली. माझं बोटबिट गेलं नव्हतं, पण मी तिथेच फतकल मारून रडायला लागले. चाची म्हणाली, "अवं, जान बची ना? लाकूड काय, दुसरं भेटते."

दुसरं लाकूड आमच्याच मळ्यात होतं.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बिब्याचं झाड होतं. तीन वर्षांपूर्वी ते उभ्या उभ्या वाळलं. गजेंद्रनं पाडलं आणि बुंधा झोपडीमागे लोटून दिला. जाळता येत नाही म्हणून तो तसाच पडला होता. चीक असतो तो ओल्या झाडात, असं मी स्वतःला सांगितलं. तीन उन्हाळे खाल्लेल्या लाकडात काय राहणार? शिवाय मला बिबा उतत नाही. लहानपणी आईबरोबर बिबे फोडून आतल्या गोडंब्या काढायचे. आईच्या हातांना फोड यायचे, माझी नुसती बोटं काळी व्हायची. ज्याला उतत नाही त्याला बिब्याची भीती वाटत नाही. माझी पहिली चूक ती.

दुसरी चूक मात्र मी समजून उमजून केली. चिमीच्या पाळण्याला काळ्या दोऱ्यात बिबा बांधला होता, हौसाबाईनंच. बिबा नजर खातो. मला वाटलं, एक बिबा एवढं करतो तर बिब्याच्या अख्ख्या वाडग्यातून जेवणाऱ्या लेकराला कोणाची नजर लागेल? कोणाची म्हणजे माझीच. हे मी कोणाला सांगितलं नाही. लाकूड कसलं तेही नाही, गजेंद्रलाही नाही. सगळे खुळ्यात काढतील, असं वाटलं.

उष्टावणाच्या आदल्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार असे दोन दिवस मी त्या ठोकळ्याशी झगडले. लाकूड मऊ, राखी रंगाचं. पटाशी लावली की लांब लांब सालं निघत आणि पायापाशी ढीग व्हायचा. पोटात शिरताना श्वास रोखून धरला. तळ किती उरला ते बघायला दर दोन मिनिटांनी मोटर बंद करायचे आणि बोटांनी चाचपायचे. कड जराशी वाकडी झाली, पण वाडगा झाला. मग आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. ओलं फडकं फिरवलं की लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते वाळू द्यायचे आणि परत घासायचे. चाचा हे तीनदा करतात, मी पाच वेळा केलं. शेवटी घाण्यावरचं जवसाचं तेल कोमट केलं आणि फडक्यानं मुरवलं. तेल लागताच करड्या लाकडाला मधाचा रंग चढला. आयुष्यात मी केलेली इतकी देखणी वस्तू दुसरी नाही. तो वाडगा गालाला लावून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

चार दिवस उन्हात ठेवला आणि बुधवारी संध्याकाळी समीक्षाकडे दिला. तिनं आतून बाहेरून हात फिरवला. "काकू, इकत आणल्यासारखा झाला!" म्हणाली. चिमी तेव्हा झोपली होती. यावेळी खरंच झोपली होती, मी पाळण्यात डोकावून बघितलं.

शुक्रवारी सकाळी गजेंद्र पाणी धरायला गेला. उष्टावण अकराला होतं. मी नवं लुगडं नेसले, आणि चाचा आदल्या रात्री परत आले असं कळलं होतं म्हणून वाटेत त्यांच्या दुकानाशी थांबले. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय! काळा चष्मा लावून ते खुर्चीवर बसले होते. चाची आत खाटेवर पडली होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजून टरारले होते. मनगटावर पाण्यानं भरलेले फोड. एक डोळा मिटलेला.

"चाची, हे काय झालं वं?"

"काय माहीत, बेटी. चाचा येणार म्हणून बुधवारी दुकान झाडलं. कचरा हातानं भरला. कालपासून आग आग होऊन राह्यली."

चाचा खुर्चीवरून म्हणाले, "अंजूबाई, म्या नसतांना खरादीवर कोणतं लाकूड चढवलं होतं?"

 कचरा माझाच होता. तो मी भरून न्यायला हवा होता, पण वाडग्याच्या आनंदात तसाच टाकून गेले होते.

"बिबा," मी म्हटलं.

चाचांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं असणार. "या अल्ला! चायीस वर्षं झाले, ह्या खरादीवर बिबा नाई चढला. मोटर फिरते, लाकूड गरम होते, आतला चीक वर येते. वाळलेलं असो का कसंही असो. तुले कोणी सांगतलं नाई?"

"म्या कोणाले इचारलंच नाई."

"वाडगा कुठी हाय?"

मग माझ्या डोळ्यांपुढे गरम खीर आली. तेल कोमट केलं होतं तेव्हा लाकडाचा रंग बदलला होता. गरम खिरीनं आतून काय काय वर येईल? आणि ती जाईल कुठे, तर चिमीच्या ओठावर, जिभेवर. मी चाचीचे पाय धरले. तिनं सुजलेला हात हलवला. "माफी नंतर मागजो. पयले जा. बच्चीले पाह्य."

ऑटोत बसले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. पवनला फोन लावला, उचलला नाही. समीक्षाला लावला, वाजून वाजून बंद झाला. घरात पाहुणे, गडबड, कोण उचलणार? रस्त्यात एक विचार मनात येऊन गेला, तोही सांगते. गेलंच नाही तर? खीर जरा थंड असली तर? चाचीनं सालं भरली होती, वाडगा तर घासलेला, तेल पाजलेला आहे. कदाचित काहीच होणार नाही. आणि सांगितलं तर त्या घराचा उंबरा मला जन्मभरासाठी बंद. एवढा विचार मी केला, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. ऑटोवाल्याला म्हटलं, "दादा, पयव."

बैठकीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पाटाभोवती रांगोळी, मामाच्या मांडीवर चिमी, डोक्याला मोत्यांची पट्टी. हौसाबाई औक्षणाचं ताट घेऊन उभी. मामाचा हात खिरीकडे गेला होता. मी दारातूनच ओरडले.

"थांबा! त्या वाडग्यातून चारू नोका! बिब्याचा हाय तो!"

 चिमी दचकून रडायला लागली.

हौसाबाईनं ताट खाली ठेवलं. "कोणत्या वाडग्यातून?"

तेव्हा मी नीट बघितलं. पाटावर चांदीची वाटी होती. माझा वाडगा तिथे नव्हताच. कोपऱ्यात समीक्षा उभी होती. तिनं मान अगदी थोडीशी हलवली, नको, नको, अशी. पण मला ते कळायला उशीर झाला होता.

"बिब्याचा?" हौसाबाई पुढे आली. "तू केला तो वाडगा बिब्याचा हाय?"

"हो."

"तुले माहीत होतं?"

माहीत नव्हतं म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते. शेतात राबणारी बाई बिबा ओळखत नाही यावर कोणाचा विश्वास बसला असता ते सोडा. पण निदान तोंड लपवायला जागा झाली असती. मला तेवढं सुचलं नाही.

"होतं."

"सात महिन्याच्या लेकराले बिबा! माय माय!" मागून कोणीतरी म्हणालं. दुसरी कोणीतरी कुजबुजली, "म्या म्हणत नोती?" मामानं चिमीला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे पाठ केली.

मग मात्र माझा बांध फुटला. "हो, माहीत होतं! तुमी सगळ्या म्हणता ना, माही नजर वाईट हाय? तोंडावर नाई म्हणत, पण पोट्टीले आत नेता. म्या खरं मानलं तुमचं! बिबा नजर खाते म्हणून बिब्याचा केला. तिले माह्यापासून वाचवाले केला म्या! मले उतत नाई, वाळलेलं होतं, मले वाटलं... मले वाटलं, आता तरी माह्या मांडीवर देसान."

हौसाबाईचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर पाणी आलं असं मला वाटलं, पण तिनं लगेच पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "अंजू, आज तू घरी जाय." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून समीक्षा आली. धावत आली होती. उजवा हात पदराखाली होता, तो तिनं बाहेर काढला. तीन बोटांवर फोड, तळहात लाल.

"बुधवारी गरम पाण्यानं धुतला म्या वाडगा," ती म्हणाली. "काल सकायपासून हात खाजून राह्यला. माह्या आजीले असाच उतला होता एकदा, म्हणून समजलं. पिशवीत बांधून छतावर ठेवून देला. घरात सांगतलं, हात तव्यानं भाजला, अन् वाडगा लय मोठा झाला, चांदीची वाटी घेऊ."

"मले काहून नाई सांगतलं?"

"कशी सांगू? फोन घेतला की सासूबाई जवळच. चार दिवसांनी म्या चिमीले घेऊन येणार होती तुमच्याकडे. वावरातच, एकटी. सांगणार होती, काकू, दुसरा करा, शिवणीचा." तिनं बोटांवरच्या फोडांवर फुंकर मारली. "कोणाले काई समजलं नसतं, काकू. काई म्हणजे काई नाई."

 ज्या गोष्टीसाठी मी एवढा जीव टाकला ती माझ्याकडे आपल्या पायानं चालत येणार होती. मला फक्त तोंड बंद ठेवून दारात उभं राहायचं होतं. पण ते मला कसं कळावं? आणि पाटावर खरंच माझाच वाडगा असता तर?

"आता येऊ देतीन तुले?" मी विचारलं.

तिनं हात परत पदराखाली घेतला. आतून हौसाबाईची हाक आली, "समीक्षा! कोणाजवळ उभी हायेस? मुहूर्त निघून राह्यला."

"हाताले खोबरेल लाव," मी म्हटलं. "अन् सुकं खोबरं खाय. फोड फोडजो नोको."

तिनं मान हलवली आणि गेली. मी फाटकाबाहेर उभी राहिले. निघायला हवं होतं, चाचीकडे जायचं होतं, पण निघाले नाही. थोड्या वेळानं आतून बायकांचं हसू ऐकू आलं. चिमीनं पहिला घास घेतला असणार आणि तोंड वाकडं केलं असणार. सगळीच लेकरं करतात. मला हौसाबाईचा राग यावा असं फार वाटत होतं. पण येत नव्हता. चिमी माझी नात असती आणि दारात दुसरी कोणी माझ्यासारखी उभी राहून ओरडली असती, तर मीही पोरीला उचललं असतं आणि आत घेऊन गेले असते.